जोत्याची उंची

जमीन बत्तीस फूट बाय चोपन्न.
कारेलीबागेच्या मागे, पिठाची गिरणी
आणि सायकलवाला यांच्या मधोमध.
एक कडुनिंब. महापालिकेच्या कागदावर तो नाही,
माझ्या नकाशात आहे.

गिरणीच्या भिंतीवर तपकिरी रेघ.
कुणी आखलेली नाही, तरी पाणसळीत तंतोतंत.
विश्वामित्री इथवर येऊन गेली.
इंदुमती खोपकर, एकोणतीस वर्षं ग्रंथपाल,
रेघेला पाठ लावून उभ्या राहिल्या :
'कमरेला लागते. लिहून घ्या.'
रस्त्यापासून तीन फूट तीन इंच.
त्यावर सहा इंच मी घातले,
भीतीचे.

जुनं वाचनालय म्हणजे किराणा दुकानामागची भाड्याची खोली.
तिथल्या खालच्या दोन फळ्या गेल्या,
बाकी सगळं वाचलं.
खालच्या दोन फळ्या मुलांच्या.
'मीच ठरवलं होतं ते,' खोपकरबाई म्हणाल्या,
'सगळ्यांत लहान वाचक, सगळ्यांत खालची फळी.
हात पोचावा म्हणून.'
चारशे बारा पुस्तकं.
गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवली,
पापडासारखी फुगली.
एका पुस्तकातला हत्ती
समोरच्या पानावरच्या समुद्रात
निळा होऊन उतरला होता.
ते एक त्यांनी रद्दीत दिलं नाही.

पारेखसाहेबांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा.
'बेन, पुस्तकं वरच्या फळीवर ठेवा ने.
कपाटाला नऊ हजार, जोत्याला तीन लाख.'
हिशेब बरोबर होता.
बरोबर हिशेबाशी भांडता येत नाही.
मी एवढंच विचारलं,
सहा वर्षांच्या मुलीला स्टूल कोण आणून देईल,
आणि त्याला ते रोज
न कुरकुरता जमेल का.
साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
त्यांना नात आहे, हे मला नंतर कळलं.

मग दिघे. चाकांची खुर्ची.
जुन्या खोलीच्या उंबऱ्यावरून
सायकलवाला त्यांना उचलून आत ठेवायचा.
म्हणजे दिघे यायचे ते
वाचावंसं वाटलं की नव्हे,
सायकलवाल्याकडे गिऱ्हाईक नसलं की.
पंचेचाळीस इंच चढायला
पंचेचाळीस फूट उतार लागतो,
एकास बारा, यात घासाघीस चालत नाही.
आणि दर्शनी बाजू बत्तीसच.
मी चार रात्री खोडत बसले.
पाचव्या रात्री उतार, समासाशी आलेल्या ओळीसारखा,
वळला.
वळणावर पाच फुटांचा सपाट थांबा,
थांब्यावर आपोआप कडुनिंब.
हे मी सुचवलं असं सांगते,
खरं तर झाडानं जागा अडवली होती.

कठडा मी सरळ काढला होता, तीन फूट उंच.
शनाभाईनं आतून दीड फुटावर
हातभर रुंद कट्टा सोडला, न विचारता.
ओरडले, तर थापी धुता धुता म्हणाला,
'चढणारा थांबणार. थांबला की टेकणार.
तुमच्या कागदात टेकायला काय आहे?'
काहीच नव्हतं.

आता उघडून सात महिने झाले.
आत चोवीस खुर्च्या, बहुतेक रिकाम्या.
वाचणारे बाहेर, त्या कट्ट्यावर,
उतारानं चढत गेलेल्या एका लांब ओळीत;
दिघे थांब्यावर, अर्धी पेपरची घडी मांडीवर,
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेतून पाय काढायला लावत.
खालच्या फळीशी पोटावर पडून मुलं.
तिथे मी खिडकी फरशीपासून नऊ इंचांवर घेतली,
उभ्या माणसाला तिच्यातून
फक्त चपला दिसतात.

परवा एक मुलगी, रेवा भोईटे, इयत्ता दुसरी,
मला उतारावर गाठून म्हणाली,
पाणी आलं की मगरी येतात ना रस्त्यावर?
म्हटलं, येतात. म्हणून तर एवढं उंच बांधलं.
तिनं उताराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं,
हातानं चढण मोजली.
'मग पायऱ्या करायच्या होत्या,' म्हणाली.
'हे तर तिला सोप्पं आहे.'